साडेसहा इंची चूक

आपल्या हॉस्टेलात प्रत्येक विंगमध्ये एक तरी पोट्टा असा असतो, ज्याच्या पलंगाखाली उघडलेला स्पीकर, सोल्डरिंग गन आणि अर्धवट कापलेल्या वायरी पडलेल्या असतात. आमच्या विंगमध्ये तो मी. ईएनटीसीचा विद्यार्थी म्हटल्यावर घरच्यांनाही वाटतं की पोराला सगळं दुरुस्त करता येतं. त्या विश्वासापायी मी मागच्या दिवाळीत अकोल्याला मामाचे जुने स्पीकर 'दुरुस्त' केले आणि आजीचा आवाज घालवून बसलो. तो परत आणायला पुढचे चार महिने लागले. जे तेव्हा शिकलो ते सिलॅबसमध्येच आहे, फक्त ते स्पीकरच्या डब्यातही असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मामाने ही जोडी १९८६ साली घेतली. टू-वे डबे, खाली साडेसहा इंची वूफर, वर कागदी कोनचा ट्वीटर. त्या काळात आयातीवर निर्बंध होते, बाहेरचा माल सहज मिळत नसे. मध्यमवर्गीय घरात यायचा तो इथेच बनलेला माल. फिलिप्सचा कारखाना पुण्याजवळ लोणी काळभोरला, मर्फीचा ठाण्याला, सोनोडाइन कलकत्त्याची. शिवाय लहान लहान कंपन्या पुष्कळ. मामाचे डबे अशाच एका लहान कंपनीचे. पुढची पाटी केव्हाच गळून पडली आहे, तेव्हा नावाचा प्रश्नच मिटला.

१९८७ साली मामाने याच टेपवर आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. मी आजीला पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली. माझ्यासाठी आजी म्हणजे ती कॅसेट. सुरुवातीला ओवी नाहीच. टेप चालू झाल्याचं तिला कळलं नव्हतं, म्हणून पहिलं वाक्य आतल्या खोलीत असलेल्या माझ्या आईसाठी आहे : "पोरी, शेगडीवरचं पाय वं, साय सांडीन!" मग मामाचं हसणं, आणि मग ओवी. आमच्या घरी कोणाचं लक्ष नसलं की हे वाक्य अजून म्हणतात.

गेल्या दिवाळीत डाव्या डब्याचा ट्वीटर मुका होता आणि दोन्ही वूफरच्या कडेचा फोम बोटाने भुगा होत होता. फोमचं आयुष्य तसंही पंधरा-वीस वर्षांचं, त्यात अकोल्याचा मे महिना. मी ऐटीत माप घेतलं : साडेसहा इंच. अमरावतीला जयस्तंभ चौकाकडे जाऊन साडेसहा इंची दोन वूफर आणि बसतील असे दोन ट्वीटर आणले. भोकं जुळली, स्क्रू बसले, आवाज दणदणीत आला. मामीने कौतुक केलं. अॅम्प्लिफायर थोडा जास्त तापत होता, पण जुनं मशीन, तापणारच, असं मी म्हटलं.

संध्याकाळी मामाने कॅसेट लावली. आजी बोलली. आवाज होता, खणखणीत होता, पण "ओरी, एगडीवर-अं पाय वं, आय आंडीन" असं काहीतरी. जणू तिच्या तोंडातले दात गेले. मामा टेपजवळ कान नेऊन बसला आणि एवढंच म्हणाला, "आवाज त हाये रे बाबू, पन शब्द कुठं गेले?"

हेड साफ केलं, कॅसेट पेन्सिलीने फिरवून पाहिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या टू-इन-वनवर लावली, तर शब्द स्पष्ट! म्हणजे टेप निर्दोष, आजी निर्दोष. दोषी मी.

आता थोडं शास्त्र. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ऊ, यांची बहुतेक ताकद खालच्या फ्रिक्वेन्सीत असते. पण स, श, च, थ यांची ओळख पटते ती दोन-अडीच किलोहर्ट्झपासून आठच्या वरपर्यंतच्या पट्ट्यात. टेलिफोनची जुनी लाइन ३४०० हर्ट्झला संपायची, म्हणून फोनवर नाव सांगताना 'स सशाचा' असं सांगावं लागे. नेमका हाच पट्टा मामाच्या स्पीकरमधून गेला होता. तो कोणी खाल्ला, याचं उत्तर डब्याच्या मागच्या फळीवर ठोकलेल्या दोन वस्तूंत होतं : एक कॉइल, एक कंडेन्सर. हाच क्रॉसओव्हर.

कॉइल वूफरच्या सिरीजमध्ये असते. फ्रिक्वेन्सी वाढली की तिचा अडथळा वाढतो, म्हणून वूफरला जाड आवाज मिळतो आणि बारीक आवाज अडतो. कंडेन्सर ट्वीटरच्या सिरीजमध्ये, त्याचं उलट. हे आपण नेटवर्क्सच्या पेपरात हाय-पास, लो-पास म्हणून लिहून येतो. पण पेपरात 'आर' दिलेला असतो. इथे 'आर' कोण? इथे 'आर' म्हणजे तो ड्रायव्हर स्वतः! कंडेन्सरवर नुसतं '६.८ मायक्रोफॅरड' लिहिलेलं असतं, त्यावर '३ किलोहर्ट्झ' लिहिलेलं नसतं, कारण ते त्याला एकट्याला ठरवताच येत नाही.

हिशेब सोपा आहे. १,५९,००० ला मायक्रोफॅरड आणि ओहम यांच्या गुणाकाराने भागा, फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये मिळते. ६.८ मायक्रोफॅरड आणि ८ ओहमचा जुना ट्वीटर : सुमारे २९०० हर्ट्झ. कॉइल ०.४३ मिलिहेन्री आणि ८ ओहमचा वूफर : तेही सुमारे ३००० हर्ट्झ. वूफर जिथे सोडतो तिथे ट्वीटर धरतो. कबड्डीतल्या साखळीसारखं, हात सुटत नाही.

मी आणलेले चारही ड्रायव्हर कारच्या मापाचे, ४ ओहमचे होते. मागे चुंबकावर लिहिलेलंही होतं. मी वाचलं होतं, पण 'चार काय, आठ काय' म्हणून सोडून दिलं होतं. आता तोच हिशेब पुन्हा करा. ६.८ मायक्रोफॅरडवर ४ ओहम : ट्वीटर आता जवळजवळ ६००० ला सुरू होतो. ०.४३ मिलिहेन्रीवर ४ ओहम : वूफर १५०० लाच उतरायला लागतो. एक वर सरकला, दुसरा खाली, आणि मधे दोन ऑक्टेव्हची दरी पडली. बरोबर मध्ये, ३००० हर्ट्झला, दोघांचा आवाज प्रत्येकी ७ डीबीने खाली, आणि फेजचा हिशेब धरून दोघांची बेरीज ८ डीबीने खाली. आजीचे 'स' आणि 'श' त्या दरीत.

इथे माझ्याकडून आणखी एक गंमत झाली, ती सांगतो, कारण पुष्कळ लोक इथेच थांबतात. मी सहज ट्वीटरच्या दोन वायरी उलट्या करून पाहिल्या आणि शब्द बऱ्यापैकी परत आले! मला वाटलं, जमलं. कागदावर मांडलं तेव्हा कळलं की उलट्या पोलॅरिटीने ८ डीबीचा खड्डा खरंच २ डीबीचा होतो. मग अडचण काय? अडचण ही, की ही बेरीज दोन्ही ड्रायव्हर कानापासून सारख्या अंतरावर असतील तेव्हाचीच. मामा खुर्चीवर बसला की शब्द यायचे, उठून पान खायला खिडकीपाशी गेला की जायचे. खोलीत जी एकूण ऊर्जा पसरते तिच्यात ३००० हर्ट्झला ४ डीबीची तूट होती तशीच होती. भिंतीला भेग आणि वर कॅलेंडर. शिवाय अॅम्प्लिफायर तापतच होता. तो ३०५५ ट्रान्झिस्टरवाला जुना, मागे स्पष्ट '८ ओहम' लिहिलेला. त्याला अर्ध्या ओहमचा भार दिला तर करंट दुप्पट ओढला जाणार.

तेव्हा दोन रस्ते होते. एक, ४ ओहमचेच ड्रायव्हर ठेवून क्रॉसओव्हर बदलायचा : कंडेन्सर दुप्पट, कॉइल निम्मी. आवाज जुळला असता, पण अॅम्प्लिफायर जळण्याची भीती तशीच. सिरीजमध्ये ४ ओहमचा रेझिस्टर टाकून 'आठ' करा असंही एका सीनियरने सुचवलं. ते वूफरला करू नये. निम्मी पॉवर रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते, आणि अॅम्प्लिफायर कोनला जो लगाम घालून ठेवतो तो सुटतो, बास ढिला पडतो. दुसरा रस्ता, ८ ओहमचे ड्रायव्हर आणायचे. ४ ओहमचे ते चारही नग मी विंगमधल्या एका मित्राला अर्ध्या किमतीत दिले (त्याच्या काकांच्या गाडीत ते छान वाजतात) आणि नवे मागवले. या वेळी चुंबकावरचं वाचून.

आणि तरीही जुळलं नाही! हा लेख खरं म्हणजे इथून सुरू होतो.

मामाने माझ्या नकळत एक शहाणपणाचं काम केलं होतं : जुने वूफर पोत्यात घालून पलंगाखाली ठेवले होते. मी एक डबा आणि ते पोतं घेऊन अकोल्याहून रेल्वेने बडनेऱ्याला आलो. मूर्तिजापूरपर्यंत डबा मांडीवर होता, पुढे एका काकांनी स्वतः उठून जागा दिली. त्यांना वाटलं आत हार्मोनियम आहे.

लॅबमध्ये जुना आणि नवा वूफर शेजारी ठेवून मोजले. पद्धत सांगतो, कुणालाही करता येईल. फंक्शन जनरेटरच्या सिरीजमध्ये १००० ओहमचा रेझिस्टर, पुढे स्पीकर. रेझिस्टर एवढा मोठा की करंट जवळजवळ कायम राहतो, त्यामुळे स्पीकरवरचं व्होल्टेज म्हणजेच त्याचा इंपिडन्स. आधी स्पीकरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावून व्होल्टेज लिहून ठेवा. समजा ते १० मिलिव्होल्ट आलं, तर पुढे प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक ओहम. साधा स्वस्त मल्टीमीटर यासाठी वापरू नका. त्याची एसी रेंज ५० हर्ट्झसाठी असते, किलोहर्ट्झमध्ये तो काहीही दाखवतो. सीआरओ किंवा एसी मिलिव्होल्टमीटर घ्या. आणि मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर ८ ओहमचा स्पीकर सहा-साडेसहा दाखवेल, तो खराब नाही. तो नुसता तारेचा डीसी रेझिस्टन्स आहे. चार ओहमवाला तीन-साडेतीन दाखवतो. दुकानात एवढी एक तपासणी केली असती तर माझे पैसे वाचले असते.

जुना वूफर ३००० हर्ट्झला भरला ८ ओहमच्या आसपास. नवा, ज्यावरही '८ ओहम' छापलेलं आहे, भरला साडेतेरा! डीसी रेझिस्टन्स दोघांचा जवळपास सारखाच, जुन्याचा ६.४, नव्याचा ६.१. फरक व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्सचा. जुन्याची कॉइल लहान, इंडक्टन्स पाव मिलिहेन्रीच्या आसपास. नव्याची मोठी, जास्त वॉट सोसणारी, ०.६५ मिलिहेन्री. छापलेला आकडा एका ठिकाणचा असतो. आपल्याला पाहिजे तो क्रॉसओव्हरच्या जागेवरचा.

याचा परिणाम काय होतो ते बघा. सिरीजमध्ये ०.४३ ची कॉइल, पुढे ०.६५ ची व्हॉइस कॉइल. वरच्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही सारख्याच प्रमाणात अडवायला लागतात, म्हणजे नुसता व्होल्टेज डिव्हायडर झाला. हिशेब केला तर ती क्रॉसओव्हर कॉइल कितीही वर गेलं तरी साडेचार डीबीच्या वर काही अडवूच शकत नाही. वूफर आपला वरपर्यंत बडबडत राहतो आणि ट्वीटरच्या कामात लुडबुड करतो. आधी दरी होती, आता गर्दी. आजीचा 'स' आता आला होता, पण ढणाढणा, जणू पत्र्यावर घासल्यासारखा.

यावरचा उपाय टेलिफोनवाल्यांनी दिलेला आहे. बेल सिस्टीममधले ओटो झोबेल यांनी १९२० च्या दशकात टेलिफोनच्या तारांसाठी फिल्टरचं गणित मांडलं, त्यांच्या नावाने आज स्पीकरवाले एक छोटं सर्किट ओळखतात. वूफरच्या दोन टोकांवर, पॅरललमध्ये, एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर सिरीजमध्ये जोडून लावायचे. व्हॉइस कॉइलचा इंपिडन्स वर चढतो, या जोडीचा खाली उतरतो, दोघं मिळून सपाट. रेझिस्टर डीसी रेझिस्टन्सच्या सव्वापट धरायचा, कंडेन्सर म्हणजे व्हॉइस कॉइलचा इंडक्टन्स भागिले त्या रेझिस्टरचा वर्ग. माझ्या बाबतीत ६.१ च्या सव्वापट ७.६, बाजारात जवळचा मिळतो ८.२ ओहम, पांढरा सिमेंटवाला, १० वॉट. कंडेन्सर ९.७, म्हणजे १० मायक्रोफॅरड. लावून पुन्हा मोजलं : ३००० हर्ट्झला ८.४ ओहम. त्या दिवशी रात्री मेसमध्ये मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

जुन्या कंपनीने हा झोबेल का नव्हता लावला? कारण त्यांच्या वूफरला त्याची गरज नव्हती. आपण डबा उघडतो, दोनच पार्ट पाहतो आणि म्हणतो, 'स्वस्तातलं काम आहे'. स्वस्तातलं होतंच, पण त्या ड्रायव्हरच्या मापाने कापलेलं होतं. दुसऱ्याचा शर्ट आपल्या अंगात सैल झाला म्हणून शिंप्याला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आता कंडेन्सर. ६.८ मायक्रोफॅरडचे जुने इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे बायपोलर, एलसीआर मीटरवर लावले तर एक ८.१ दाखवत होता, दुसरा ४.९. उजव्या आणि डाव्या डब्याचा क्रॉसओव्हर इतकी वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी असणार. इलेक्ट्रोलिटिकच्या आतला द्राव उष्णतेने वाळतो. दर दहा अंश तापमानाला आयुष्य निम्मं असा ढोबळ नियम आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४५ च्या घरात. तेव्हा जुन्या स्पीकरमध्ये ड्रायव्हर बदला किंवा न बदला, हे कंडेन्सर आधी मोजा.

बदलायला फिल्मचे कंडेन्सर चांगले, पण ऑडिओच्या नावाने विकले जाणारे मुंबईहून मागवावे लागतात आणि महाग पडतात. वऱ्हाडात यावर घरचा उपाय आहे. आपल्याकडे पंखा आणि कुलर नाही असं घर नाही, आणि पंख्याचा रनिंग कंडेन्सर म्हणजे दुसरं काही नसून ४४० व्होल्ट एसीचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कंडेन्सर! २.५, ३.१५, ४ मायक्रोफॅरड अशा मापात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात. ४ आणि २.५ पॅरललमध्ये लावले की साडेसहा, त्यावर ०.३३ चा एक छोटा पॉलिएस्टर, झाले ६.८३. झोबेलसाठी २.५ चे चार. दुकानदार म्हणाला, "किती पंखे बंद पडले बाप्पा तुमच्या हॉस्टेलात?" एक काळजी घ्या : पाणीपंपाच्या मोटरचा स्टार्टिंग कंडेन्सर आणू नका. तो इलेक्ट्रोलिटिकच असतो. आणि वापरलेला कंडेन्सर घेतला तर आधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा, नाहीतर तो आपली ओळख करून देईल.

फिल्मचा कंडेन्सर लावल्यावर ट्वीटर किंचित जास्त टोचायला लागतो. हा भास नाही. जुन्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतो, डिझाइन करणाऱ्याने तो धरून कान लावलेला असतो. अर्धा-एक ओहम सिरीजमध्ये घातला की मूळ चेहरा परत येतो. माझ्या बाबतीत ट्वीटरच नवा, त्यामुळे हा हिशेब वेगळा करायची गरज पडली नाही.

कारण नव्या ट्वीटरची सेन्सिटिव्हिटी ९१ डीबी होती, वूफरची ८८. तीन डीबीचा फरक कानाला चांगलाच कळतो. इथेही एक सापळा आहे. सरळ ३.३ ओहमचा एक रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला तर आवाज कमी होतो, पण कंडेन्सरला आता ८ ऐवजी ११.३ ओहम दिसतात, आणि क्रॉसओव्हर २९०० वरून घसरून २१०० च्या खाली जातो. लहान ट्वीटरला तिथला भार सोसत नाही, एखाद्या लग्नाच्या वरातीत तो जातो. त्यापेक्षा एल-पॅड करा : कंडेन्सरच्या पुढे सिरीजमध्ये २.२ ओहम, मग ट्वीटरच्या पॅरललमध्ये १८ ओहम. आवाज २.९ डीबीने कमी आणि कंडेन्सरला दिसतात ७.७ ओहम. फिल्टरला फसवायचं नाही, एवढंच पथ्य.

जाता जाता पिझो ट्वीटरबद्दल. आपल्या गॅदरिंगच्या साउंडमध्ये असतात ते. आमच्या विंगमधल्या एकाने घरच्या डब्यात मेलेल्या ट्वीटरच्या जागी पिझो बसवला, जुना कंडेन्सर तसाच ठेवून, आणि म्हणतो कंडेन्सरने काही फरकच पडत नाही. पडणार कसा? पिझो स्वतःच एक छोटा कंडेन्सर आहे, साधारण एक-दीड दशांश मायक्रोफॅरडचा. १००० हर्ट्झला त्याचा इंपिडन्स हजार ओहमच्या वर. त्याच्या पुढे ६.८ मायक्रोफॅरड म्हणजे हत्तीपुढे उघडं फाटक. पिझो लावायचाच तर त्याच्या पॅरललमध्ये ८ ओहमचा पॉवर रेझिस्टर लावा, म्हणजे फिल्टरला बोलायला कुणीतरी मिळेल.

कॉइलचं मात्र तसं नाही. तांबं म्हातारं होत नाही. जुनी कॉइल शाबूत असेल तर हात लावू नका. मी मात्र दिवाळीत घाई केली आणि डाव्या कॉइलची तार मुळाशीच तोडली होती. म्हणून अकोल्यात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून अठरा गेजची इनॅमल तार वजनावर घेतली. ही दुकानं आपल्याकडे शेतीपंपांच्या जिवावर चालतात, तार नेहमी ताजी असते. हॅरॉल्ड व्हीलर यांचं १९२८ सालचं सूत्र अजून चालतं. त्यावरून तीन सेंटीमीटर व्यासाच्या आणि अडीच सेंटीमीटर रुंदीच्या फिरकीवर १२४ वेढे, म्हणजे साधारण १५ मीटर तार, दीडशे ग्रॅम. दुकानातले भाऊ माझं वेढे मोजणं पाहत होते. शेवटी म्हणाले, "द्या इकडं, तुमी शिकून कराल तवर पेरनी होऊन जाईन." त्यांच्या मशीनवर दोन मिनिटांत झाली. लॅबमध्ये भरली ०.४२ मिलिहेन्री. सूत्र आणि भाऊ, दोघांनाही नमस्कार. ती फळीवर बसवताना मधून लोखंडी स्क्रू मात्र घालू नका, इंडक्टन्स बदलतो. प्लास्टिकची पट्टी बांधा.

पुस्तकात याच्या पुष्कळ पुढच्या गोष्टी आहेत. १९७६ साली लिंकविट्झ यांनी मांडलेले जास्त तीव्र उताराचे क्रॉसओव्हर आहेत. बासच्या बाजूने थील आणि स्मॉल यांचे पॅरामीटर आहेत, त्यावरून नवा वूफर त्या जुन्या डब्याच्या लिटरमध्ये बसतो की नाही ते ठरतं. माझा नवा वूफर त्या हिशेबात थोडा कमी पडतो, तबल्याचा डग्गा जरा फुगतो. ते मी सध्या खपवून घेतलं आहे. शब्द महत्त्वाचे होते.

फेब्रुवारीत दोन्ही डबे अकोल्याला बसवले. या वेळी ट्वीटरच्या वायरी सरळ आणि उलट्या, दोन्ही लावून पाहिल्या, खुर्चीवर बसून आणि खिडकीपाशी उभं राहून. सरळ ठेवल्या. अॅम्प्लिफायर कोमट. आईही आली होती. मामाने कॅसेट मागे घेतली, खटका दाबला. आधी खरखर, मग भांड्याचा आवाज, मग आजी : "पोरी, शेगडीवरचं पाय वं, साय सांडीन!" आणि आई, पंचावन्न वर्षांची, सवयीने स्वयंपाकघराकडे वळली.

मामाने कॅसेट पूर्ण ऐकली. मग पोत्याकडे बोट दाखवून विचारलं, "मंग आता हे जुने फेकू का?" म्हटलं, नका फेकू. मुंबईहून साडेसहा इंची फोमच्या कडा मागवतो, चिकटवल्या की ते जुनेच परत बसवू, डग्गाही जागेवर येईल. त्या दिवशी नवा झोबेल काढून टाकावा लागेल, एल-पॅडही पुन्हा मोजावा लागेल, हे मी दोन्ही डब्यांच्या मागच्या फळीवर आतून मार्करने लिहून ठेवलं आहे.